बरणी, वांगं आणि लसणाची कुडी : वस्तुचित्रात रेघ, आकारमान आणि रंगाचे प्रयोग

शाळेत असताना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची रेखाकला परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला वस्तुचित्र ठाऊक असतं. मधोमध मांडलेल्या वस्तू, भोवती बसलेली मुलं, बोर्डाला क्लिपने लावलेला क्वार्टर इंपिरियल कागद. त्या परीक्षेत लक्ष असतं ते साम्यावर: घड्याचं तोंड नीट लंबवर्तुळाकार यावं, दोन्ही बाजू सारख्या याव्यात, सावली योग्य बाजूला पडावी. तो पाया पक्का हवाच. पण बहुतेकांचं वस्तुचित्र तिथेच थांबतं. वीस-पंचवीस वर्षांनी कुणी हौसेने पुन्हा पेन्सिल घेतं, तेव्हाही एकच प्रश्न डोक्यात असतो, ‘हुबेहूब आलं का?’

हा लेख अशांसाठी आहे, आणि ज्यांनी कधीच चित्र काढलेलं नाही त्यांच्यासाठीही. पद्धत एका नियमावर उभी आहे: मांडणी तीच ठेवायची आणि दर चित्रात एकच गोष्ट बदलायची. कधी रेघ, कधी आकारमान, कधी रंग. तिन्ही एकदम बदलल्या तर चित्र चांगलं झालं तरी कशामुळे झालं हे कळत नाही, आणि बिघडलं तरी काय सुधारायचं ते समजत नाही.

मांडणी

तीन वस्तू पुरेशा आहेत. लोणच्याची चिनी मातीची बरणी, वरून चकचकीत तपकिरी आणि खाली मळकट पांढरी. एक भरताचं वांगं. एक लसणाची कुडी. खाली धुवट पंचा किंवा विटलेली सुती साडी, एक-दोन ठळक चुण्या पाडून. या वस्तू एकमेकींपासून खूप वेगळ्या आहेत म्हणून घ्यायच्या. बरणी उंच आणि भारदस्त, वांगं काळपट आणि गुळगुळीत, कुडी लहान, फिकी आणि कागदी सालींची. घरात बरणी नसेल तर पितळी तांब्या चालेल. मात्र तीन तांबे मांडू नका, फरक हवा.

वस्तू एका ओळीत फोटोसाठी उभ्या केल्यासारख्या ठेवू नका. वांगं बरणीच्या थोडं पुढे, तिचा काही भाग झाकेल असं आडवं ठेवा. कुडी जरा दूर, एकटी. मग बसायच्या जागेवरून एक डोळा मिटून बघा. वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागांनाही आकार असतो. त्या जागा सगळ्या सारख्या दिसत असतील तर कुडी थोडी सरकवा.

आता एक काम आवर्जून करा. वस्तूंखाली कागद असेल तर प्रत्येकीच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ ओढून ठेवा. कापड असेल तर खडूची खूण करा. इटलीतल्या बोलोन्या शहरात राहणाऱ्या जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) या चित्रकाराने आयुष्याचा मोठा भाग त्याच त्या बाटल्या, डबे आणि भांडी रंगवण्यात घालवला. तोही टेबलावरच्या कागदावर वस्तूंच्या जागा अशाच आखून ठेवायचा. घरात जेवायचं टेबल एकच असेल तर संध्याकाळी मांडणी आवरावी लागते. खुणा असल्या की दुसऱ्या दिवशी वस्तू जागच्या जागी येतात. स्वतःची बसायची जागाही चिकटपट्टीने जमिनीवर दाखवून ठेवा, कारण खुर्ची वीतभर हलली तरी चित्र बदलतं.

उजेड एकाच बाजूने येऊ द्या. छतावरची ट्यूबलाइट बंद करा. तिच्या पसरट उजेडात सावल्या विरघळतात आणि बरणी चपटी दिसते. उत्तरेच्या खिडकीत वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे तिथला उजेड तास-दोन तास फारसा बदलत नाही. अशी खिडकी नसेल तर डाव्या बाजूला, वस्तूंपेक्षा जरा उंच, एक टेबल लॅम्प ठेवा.

वांगं काही दिवसांत सुरकुतेल. तेव्हा साधारण तेवढंच दुसरं आणा.

सामान थोडकं लागेल. २बी आणि ६बी पेन्सिल, चारकोलच्या, म्हणजे चित्राच्या कोळशाच्या, कांड्या, पांढरा खडू, काळी ड्रॉइंग इंक, ऑइल पेस्टलची डबी, पोस्टर कलरच्या पाच-सहा बाटल्या, एक बारीक ब्रश, एक जाड ब्रश आणि रंगाच्या दुकानात मिळतो तो इंचभर रुंदीचा भिंत रंगवायचा ब्रश. कागदासाठी कार्ट्रिज (जाडसर ड्रॉइंग पेपर), चार्ट पेपर, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांना घालतो तो खाकी कागद. भारी कागद सुरुवातीला घेऊ नका. महाग कागदासमोर हात आखडतो, आणि या सगळ्या अभ्यासाला मोकळा हात लागतो.

पहिलं चित्र : खाकी कागद, कोळसा, खडू

प्रयोग सुरू करण्याआधी मांडणीचं एक सरळ चित्र काढा. पुढची सगळी चित्रं याच्याशी ताडून बघायची आहेत.

खाकी कागदाच्या खरखरीत बाजूवर काढा. या कागदाचा मोठा फायदा म्हणजे तो आधीच मधल्या छटेचा आहे. पांढऱ्या कागदावर नवशिक्या माणूस सगळ्याच वस्तू अर्धवट करड्या करून ठेवतो. खाकीवर मधली छटा आयती मिळते, तुम्ही फक्त गडद भागाला कोळसा आणि उजळ भागाला खडू द्यायचा. डोळे किलकिले करा. तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे मांडा: वांग्याचा काळोख, बरणीचा गडद खांदा, कापडावरची पडछाया. कुडी जवळपास कोळशाशिवायच निघेल, थोडा खडू आणि खालची सावली एवढ्यावर.

कोळसा आणि खडू एकमेकांत घासू नका, निळसर राखाडी चिखल होतो. दोघांच्या मध्ये खाकी कागद उघडा दिसू द्या. अर्ध्या-पाऊण तासात थांबा, तारीख घाला आणि भिंतीवर लावा.

रेघ : हात मोकळा करणं

प्रयोगांची सुरुवात मी मुद्दाम रेघेपासून करायला सांगतो. रंगाचं आकर्षण आधी वाटतं हे खरं, पण हात एकाच तऱ्हेने चालत असेल तर रंगही त्याच तऱ्हेने लागतो. आपल्यापैकी बहुतेकांचा हात अक्षर गिरवण्याची पकड घेऊन चित्र काढतो: बोटं टोकाजवळ, मनगट कागदावर टेकलेलं. त्या पकडीतून एकाच प्रकारची बारीक, सावध रेघ निघते.

म्हणून आधी खुणांचा तक्ता करा. कार्ट्रिजवर हाताने चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत एक साधन, आणि त्या साधनातून निघतील तितक्या खुणा. चारकोल उभा धरून, आडवा घासून, टोकाने ठिपके मारून. पेन्सिल मागच्या टोकाला सैल धरून. खराट्याची काडी शाईत बुडवून. जुना टूथब्रश शाईत बुडवून अंगठ्याने तुषार उडवून. कोरड्या ब्रशला जेमतेम शाई लावून ओढलेले फटकारे. चिंधीचा बोळा. मेणबत्तीने आधी रेघा ओढून वरून पातळ रंग फिरवला की मेणाच्या जागी कागद कोरा राहतो, ती चौकट हमखास आवडते. पातळ कागद सुपावर किंवा वेताच्या टोपलीवर ठेवून वरून ऑइल पेस्टल घासा, विणीचा पोत उमटेल. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून असंच घासायला सुरुवात केली आणि त्यातून चित्रांची एक मालिकाच उभी केली.

या सगळ्यांत माझा जीव बोरूवर आहे. सुलेखन शिकलेल्यांच्या घरी तो असतोच, नाही तर साध्या वेताची किंवा बांबूची काडी धारदार चाकूने तिरकी छाटून, टोकाला उभी चीर देऊन करता येतो. बोरूत शाई फार काळ टिकत नाही. रेघ सुरू होते ती काळीभोर, पुढे जाता जाता कोरडी होत विरते, आणि पुन्हा बुडवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक रेघेला सुरुवात आणि शेवट मिळतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल्समध्ये तिथल्याच बोरूंनी कितीतरी चित्रं काढली. गवताला तुटक उभे फटकारे, दूरच्या शेतांना ठिपके, आणखी कुठे वळणं. सावली भरण्यासाठी त्याने करडा रंग पसरला नाही, खुणा दाट आणि विरळ केल्या. ती चित्रं छापील किंवा पडद्यावर मोठी करून बघा आणि एखाद्या इंचभर तुकड्याची नक्कल करा. हात खूप काही शिकतो.

आता मांडणीकडे वळा. रंग नको, आकारमान खाकी कागदावरच्या चित्राइतकंच. बदल फक्त खुणेत.

प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची खूण शोधायची. कुडीच्या पाकळ्या मुळाशी बांधलेल्या असतात आणि देठाकडे निमुळत्या होतात. त्या दिशेने बोरूच्या लांब, हलक्या रेघा चालवा, मुळांच्या झुपक्याला बारीक तुटक फटकारे द्या. वांग्याला रेघच नको वाटते. तिथे जाड ब्रशने शाईचे मोठे, गोलाईवरून फिरणारे फटकारे मारा आणि चमक कोरी सोडा. देठाची टोपी काटेरी आहे, ती काडीने काढा. बरणीच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या खुणा वेगळ्या ठेवा, आणि कापडाला चिंधीचा ठसा. काढून झाल्यावर वस्तूची कडा झाकून बघा. नुसत्या खुणांवरून ही कुडी, हे वांगं, एवढं ओळखू येत असेल तर काम जमलं.

दुसऱ्या चित्रात उलट करा. सगळ्या मांडणीला एकच खूण, समजा फक्त आडव्या रेघा. आकार उमटायला हवा तो रेघांच्या दाटी-विरळीतूनच. हे कंटाळवाणं वाटेल, तरी पूर्ण करा. पहिल्या चित्रात वस्तू वेगवेगळ्या बोलतात, दुसऱ्यात सगळं चित्र एका सुरात येतं. पुढे कुठलं कुठे वापरायचं हे तुम्हीच ठरवाल.

तिसरं, चित्राकडे न बघता. नजर वस्तूच्या कडेवर, पेन्सिल कागदावर, आणि डोळा जितक्या वेगाने सरकेल तितक्याच वेगाने हात. कागदाकडे एकदाही पाहायचं नाही. बरणी वाकडी होईल, तोंड बुडाला जोडलं जाणार नाही. हा नजरेचा व्यायाम आहे, तो चित्र म्हणून जोखू नका. अशी दोन-तीन रेखाटनं रोज, मुख्य कामाआधी.

खोडरबर या टप्प्यात पुसायला वापरू नका. कोळशाने सगळा कागद काळा करून त्यातून उजेड खोडरबरने काढायचा असेल तर मात्र जरूर वापरा. पितळी तांब्या त्या पद्धतीने फार सुंदर येतो.

आकारमान : कुडी भिंतीएवढी

लहानापासून सुरुवात. काड्यापेटीएवढ्या पाच-सहा चौकटी आखून त्या प्रत्येकीत मांडणी बसवा. एकीत सगळं, एकीत फक्त बरणीचा खांदा आणि वांग्याचा देठ, एकीत कुडी कोपऱ्यात आणि बाकी मोकळं कापड. जुन्या पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापून तिच्यातून बघितलं तर चौकट ठरवणं सोपं जातं. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला की जास्त दिसतं, लांब नेला की कमी. एवढ्या लहान जागेत तपशील मावत नाही, फक्त गडद-उजळाची विभागणी मावते. म्हणून ही रेखाटनं पटपट होतात आणि खूप शिकवतात.

मग एकदम दुसरं टोक. पूर्ण चार्ट पेपर मास्किंग टेपने भिंतीला लावा आणि त्यावर फक्त लसणाची कुडी काढा, कागद भरेल एवढी. पाच सेंटिमीटरची कुडी पन्नास सेंटिमीटरची केली तर लांबी दहा पट होते, पण भरायची जागा शंभर पट. म्हणजे तीच पेन्सिल घेऊन बसलात तर काम संपणारच नाही, आणि लहान रेघ मोठ्या कागदावर भित्री दिसेल. साधनही मोठं हवं: आडवा चारकोल, भिंत रंगवायचा ब्रश. उभं राहून काढा. हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरू द्या. हातभर लांब काठीला चारकोल बांधून बघा. फ्रेंच चित्रकार मातिसने फ्रान्समधल्या व्हांस गावच्या प्रार्थनागृहाची चित्रं (१९४८–५१) करताना लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून भिंतीवर रेखाटलं होतं. काठीमुळे बारकाव्यावरचा ताबा सुटतो आणि मोठी वळणं मोकळी येतात.

मोठं करताना एक अडचण येते. वस्तूकडे सवयीने बघून मिळालेली माहिती एवढ्या जागेला पुरत नाही. मग उठून कुडीजवळ जावंच लागतं. सालीवरच्या जांभळट शिरा, एका पाकळीवर दुसरीची पडलेली सावली, तुटलेल्या मुळांचा खडबडीत चकता. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफने १९२४ पासून फुलं अशीच प्रचंड मोठी रंगवायला सुरुवात केली. एक फूल अख्खा कॅनव्हास व्यापतं, आणि फुलाच्या पोटातला वळणावळणाचा प्रदेश समोर येतो. तुमची कुडी एका मर्यादेनंतर डोंगरासारखी दिसू लागली तर दिसू द्या, तिला पुन्हा ‘लसणासारखी’ करायला धावू नका.

प्रमाण अचूकच हवं असेल तर छोट्या चित्रावर एक सेंटिमीटरचे आणि मोठ्या कागदावर दहा सेंटिमीटरचे चौकोन आखून एकेक चौकोन उतरवा. बॅनर रंगवणारे चित्रकार याच पद्धतीने काम करत.

आकारमानाचा तिसरा प्रयोग वस्तूंच्या आपसातल्या नात्याचा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तीच मांडणी, त्याच जागा, पण कुडी बरणीपेक्षा उंच करा. किंवा वांगं एवढं मोठं की कागदाबाहेर जाईल, आणि बरणी अंगठ्याएवढी. बघणाऱ्याला वस्तूंची खरी मापं पाठ असतात, त्यामुळे ती मोडली की लगेच अर्थ बदलतो: मोठी झालेली वस्तू महत्त्वाची किंवा अगदी जवळची वाटते, लहान झालेली दूर जाते. आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी हे फार खोलवर शोधलं. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा ओळखीच्या वस्तू नेहमीचं प्रमाण आणि पायाखालची जमीन सोडून मोकळ्या अवकाशात वावरतात. तुमच्या कागदावर हे करताना सावल्या मात्र नीट बघा. वस्तू मोठी केली तर तिची पडछायाही त्याच हिशेबात वाढवा, नाही तर मुद्दाम गाळा. अर्धवट ठेवलेली सावली चूक म्हणून दिसते.

रंग

रंगात पहिली शिस्त कमी रंगांची. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि पांढरा, एवढ्या तिघांतच पूर्ण मांडणी रंगवा. निळा आणि सिएना एकत्र आले की जवळजवळ काळा किंवा करडा होतो. निळा जास्त असेल तर तो करडा थंड, सिएना जास्त असेल तर उबदार. बरणीचा तपकिरी सहज मिळेल. वांग्याचा जांभळा मिळणार नाही, आणि तिथेच खरी गंमत आहे: आजूबाजूला सिएना ठेवला की निळसर करडं वांगं आहे त्याहून जास्त निळं भासायला लागतं.

शेजारचा रंग आपल्या डोळ्याला फसवतो, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल याने १८३९ साली सविस्तर मांडली. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तेव्हा दोष काळ्या रंगात सापडला नाही, भोवतीच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. हे घरी करून बघायला घोटीव कागद उत्तम. एकाच पिवळट करड्या रंगाचे दोन तुकडे रंगवून कापा. एक लाल घोटीव कागदावर चिकटवा, एक हिरव्यावर. दोन तुकडे दोन रंगांचे वाटतील. आता लसणाच्या कुडीमागे एकदा निळा, एकदा नारिंगी, एकदा फिका पिवळा घोटीव कागद उभा करून कुडीची तीन छोटी रंगचित्रं करा. पांढऱ्या कुडीचा पांढरा दर वेळी वेगळा मिसळावा लागेल.

काळा रंग काही दिवस बंद ठेवा. वांग्यावर बाटलीतला काळा लावला की चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं. क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन, त्यात किंचित सिएना, यातून वांग्याचा काळोख जिवंत येतो. चमकही शुद्ध पांढरी ठेवू नका. ती खिडकीचं प्रतिबिंब असते, आणि दिवसा खिडकीतून आभाळ दिसतं, म्हणून ती निळसर असते.

संध्याकाळी, अजून बाहेर उजेड असताना, खिडकीच्या विरुद्ध बाजूला पिवळा बल्ब लावा. प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतील. बल्बच्या आड पडलेल्या सावलीत खिडकीचा उजेड शिरतो, म्हणून ती निळी दिसते. खिडकीच्या आड पडलेली नारिंगी. पांढऱ्या कापडावर हे इतकं स्पष्ट दिसतं की सावली म्हणजे करडा रंग ही समजूत कायमची जाते. हा उजेड फार तर पंधरा-वीस मिनिटं टिकतो. रंग आधीच काढून ठेवा आणि ऑइल पेस्टलने झपाट्याने नोंद करा.

यानंतर धाडसाचं पाऊल. वस्तूंचे खरे रंग पूर्ण सोडून द्यायचे, पण छटांची उतरंड पाळायची. भिंतीवरचं खाकी चित्र समोर ठेवा. त्यातल्या सगळ्यांत उजळ भागाला लेमन यलो, त्याहून गडद भागाला नारिंगी, मग क्रिमसन किंवा गडद हिरवा, आणि सगळ्यांत काळोख्या भागाला अल्ट्रामरीन. बरणीचा खांदा लाल, वांगं निळं, कुडी पिवळी. पिवळा हा मुळातच सगळ्यांत उजळ रंग आहे आणि निळा-जांभळा गडद, म्हणून ही वाटणी टिकते. १९०५ साली पॅरिसच्या सालों दोतोन प्रदर्शनात मातिस आणि दरँ यांनी चेहऱ्यांना आणि झाडांना असेच अनपेक्षित रंग दिले, आणि टीकाकारांनी त्यांना ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र जनावरं, म्हटलं. त्या चित्रांतले रंग मनमानी वाटतात, पण माणूस माणूसच दिसतो, कारण उजेड-अंधाराचा सांगाडा जागेवर आहे. तुमच्या चित्राची परीक्षा सोपी आहे: मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. बरणी गोल दिसली तर उतरंड सांभाळली गेली. सगळं एकाच करड्यात गेलं तर कुठला रंग आपल्या पायरीवरून घसरला तेही फोटोत कळतं.

पोस्टर कलर पाणी घालून पातळच वापरायचा अशी सवय अनेकांना असते. तो जाडही लावून बघा. मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या (१९४७) संस्थापकांपैकी के. एच. आरा (१९१४–१९८५) यांनी फुलदाण्या आणि फळांची वस्तुचित्रं आवडीने आणि सातत्याने रंगवली. ते जलरंग आणि ग्वाश (अपारदर्शक जलरंग) तैलरंगासारखे दाट लावत. मुंबईत कुठल्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं तर समोर जाऊन रंगाचा थर बघा.

एकत्र करताना

तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे हाताळून झाल्यावर सगळी चित्रं जमिनीवर पसरा. प्रत्येक प्रकारातलं एक निवडा, सगळ्यांत नीटनेटकं नाही, ज्याकडे नजर पुन्हा जाते ते. समजा बोरूच्या रेघांची कुडी, बरणीपेक्षा मोठं झालेलं वांगं आणि निळी-नारिंगी सावली. आता तीच मांडणी शेवटची एकदा, अर्धा इंपिरियल कागदावर, या तिन्ही निवडी एकत्र घेऊन काढा. यात एका गोष्टीला पुढे राहू द्या. रेघ बोलकी ठेवायची असेल तर रंग दोन-तीनच ठेवा, रंग भडक हवा असेल तर खुणा साध्या. मोठी शाई-चित्रं करताना आधी शाई पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग चढवा, शाई वॉटरप्रूफ नसेल तर रंग आधी, रेघ नंतर.

कोळशाची आणि खडूची चित्रं ठेवताना मध्ये बटर पेपर घाला आणि फाइल आडवी ठेवा, उभी ठेवली की चित्रं घासतात. ऑइल पेस्टल कधीच पुरता वाळत नाही, त्याचा गठ्ठा वेगळा. आणि प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, उजेड कुठून होता आणि काय बदललं होतं, एवढं लिहून ठेवा. पुढची मांडणी लावताना तेच उपयोगी पडतं.